वाचकांचे प्रश्न : डी. फार्म. करावे की बी. फार्म.?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. तिने एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही दिली असून तीत तिला मध्यम गुण आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेत आमचा स्वतःचा एक गाळा आहे. नातेवाइकांचे म्हणणे असे की, फार्मसीची दोन वर्षांची पदविका (डी. फार्म.) घेऊन तिने तेथे मेडिकल सुरू करावे आणि पुढे वाटल्यास थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवी (बी. फार्म.) करावी, म्हणजे दोन्ही हाती राहतील. मुलीच्या मनात मात्र औषध निरीक्षक होण्याचेही आहे. काय करावे?
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नातेवाइकांच्या सल्ल्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसऱ्यात हिशेब चुकला आहे.

औषधांचे किरकोळ दुकान चालवण्यापुरते पाहिले, तर कायदा पदविकाधारक आणि पदवीधर यांच्यात भेद करत नाही. फार्मसी कायदा, १९४८ नुसार राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो नोंदणीकृत फार्मासिस्ट, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. अन्न व औषध प्रशासन परवाना देताना हे नोंदणी प्रमाणपत्र तपासते, त्यामागे डी. फार्म. आहे की बी. फार्म., यावर परवाना अडत नाही. जागा मात्र मोजली जाते. किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि किरकोळ व घाऊक विक्री एकाच ठिकाणी करायची असल्यास १५ चौरस मीटर. आपला गाळा जुन्या बाजारपेठेत असेल, तर आतून फीत लावून एकदा मोजून घ्यावा, कारण अशा गाळ्यांची कागदावरची मापे आणि भिंतींच्या आतली मापे पुष्कळदा जुळत नाहीत.

आता वर्षांचा हिशेब पाहू. पदविकेची दोन वर्षे संपली की ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते आणि ते तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही. त्यानंतरच नोंदणीचा विचार होतो. पदविकाधारकाला बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, प्रवेश मिळतो आणि तेथून पुढे तीन वर्षे जातात. याचा अर्थ पदविकेच्या मार्गाने पदवीपर्यंत पोहोचण्यास किमान पाच वर्षे लागतात, तर बारावीनंतर थेट प्रवेश घेणाऱ्यास चार. ‘दोन्ही हाती राहतील’ या सल्ल्याची किंमत एक पूर्ण वर्ष आहे आणि ती कोणी उच्चारत नाही. शिवाय थेट दुसऱ्या वर्षातील जागा मर्यादित असून त्या पदविकेच्या गुणांवर भरल्या जातात, त्यामुळे दोन वर्षांनंतर ती वाट मोकळी असेलच, असे धरून चालता येत नाही.

पदविकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये पदविकाधारकांसाठी एक्झिट परीक्षेचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार नोंदणीपूर्वी तीन प्रश्नपत्रिकांची ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. बी. फार्म. पदवीधरांना ही परीक्षा नाही. आपल्या मुलीच्या तुकडीला ती कशी लागू होईल, याची विचारणा प्रवेशापूर्वीच राज्य कौन्सिलकडे लेखी करावी. महाविद्यालयाच्या कार्यालयातील तोंडी उत्तरावर विसंबू नये.

राहिला औषध निरीक्षकाचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या घरचा निर्णय याच मुद्द्यावर ठरायला हवा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये औषध निरीक्षकाची जी अर्हता सांगितली आहे ती पदवीची आहे. पदविकेवर त्या पदासाठी अर्ज करता येत नाही, मग दुकानाचा अनुभव कितीही असो. उत्पादनाच्या क्षेत्रातही असेच आहे. औषधनिर्मिती ज्या तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली चालते तिच्यासाठी याच नियमांत फार्मसीची पदवी आणि पदवीनंतरचा किमान १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव अशी एक अर्हता आहे. पदविकेचा तेथे उल्लेख नाही. पदविकाधारक कारखान्यात काम करतात, करू शकतात, परंतु सहीचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्या खुर्चीपर्यंत त्यांची वाट सहसा जात नाही. एम. फार्म.साठीची जीपॅट ही परीक्षाही पदवीनंतरचीच.

हा भेद केवळ कागदाचा नाही, तो शिकवण्यातही आहे. पदविकेचा अभ्यासक्रम मुख्यतः रुग्णासमोर उभ्या राहणाऱ्या फार्मासिस्टसाठी आखलेला आहे. कम्युनिटी फार्मसी व व्यवस्थापन, फार्माकोथेरप्युटिक्स (औषधोपचारशास्त्र), हॉस्पिटल फार्मसी, कायदा व नीतिशास्त्र हे त्यातील महत्त्वाचे विषय. पदवीत हेही असते, पण त्याबरोबर औषधी रसायनशास्त्र, उपकरणांद्वारे केले जाणारे पृथक्करण, औद्योगिक फार्मसी, गुणवत्ता हमी, जैवसंख्याशास्त्र असे विषय येतात आणि शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो. ज्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा मनापासून कंटाळा आहे त्याला ही चार वर्षे जड जातात, हेही सांगितले पाहिजे. मुलीला बारावीत हा विषय कसा वाटला, हे तिलाच विचारावे.

खर्चाबद्दल आपण लिहिलेले नाही, तरी तो मुद्दा मनात असणारच. कौटुंबिक उत्पन्न वार्षिक आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग किंवा इतर मागास प्रवर्गातील मुलींना, त्यांनी कॅप, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासन शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत देते. संस्थास्तरावरील, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातील, प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणून ‘कॅपमध्ये कशाला थांबता, आजच जागा पक्की करा’ असे कोणी म्हणाले, तर त्या घाईची किंमत किती, ते आधी काढावे.

महाविद्यालयाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. नवी फार्मसी महाविद्यालये काढण्यावर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये घातलेली स्थगिती न्यायालयात टिकली नाही आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अवैध ठरवली. त्यानंतर नव्या संस्थांचा मार्ग मोकळा झाला. कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांत गुणांमुळे प्रवेश मिळाला नाही, तरी निवडलेल्या संस्थेला त्या वर्षासाठी कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहावे आणि एकदा प्रयोगशाळेत स्वतः जाऊन यावे. इमारतीचे फलक नवे आहेत, पण प्रयोगशाळेतील उपकरणांवरची प्लॅस्टिकची आवरणे निघालेली नाहीत, असे दृश्य मी पाहिले आहे.

आपल्या मुलीने सीईटी दिलेली आहे, तिला औषध निरीक्षक व्हावेसे वाटते आणि दुकानाची जागा घरचीच असल्याने ती चार वर्षांत कोठे जाणार नाही; तोवर गाळा भाड्याने देता येईल. अशा स्थितीत तिने थेट बी. फार्म.ला प्रवेश घ्यावा, असे माझे मत आहे. पदवीनंतर मेडिकलच सुरू करावेसे वाटले, तर त्यात काहीच अडथळा नाही. हाच प्रश्न ज्या घरात मुलाने तिसऱ्या वर्षी कमावते होणे भाग आहे अशा घरातून आला असता, किंवा सीईटी दिलेलीच नसती, तर मी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळणारी पदविका निःसंकोच सुचवली असती.

प्रश्न : मी डी. फार्म. असून सहा वर्षे एका मेडिकलमध्ये नोकरी करतो. पत्रव्यवहाराने बी. फार्म. करता येईल का? शासकीय नोकरीसाठी पदवी हवीच का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पत्रव्यवहाराने नाही. बी. फार्म. हा प्रयोगशाळा आणि उपस्थिती यांवर उभा असलेला पूर्णवेळ अभ्यासक्रम असून दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या अशा पदवीला कौन्सिलची मान्यता नाही. कोणी अशी जाहिरात करत असेल, तर पैसे भरू नयेत. थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग आपल्यालाही खुला आहे, मात्र नोकरी सोडून तीन वर्षे द्यावी लागतील आणि पहिल्या वर्षातील कम्युनिकेशन स्किल्स व संगणक हे विषय तिसऱ्या-चौथ्या सत्रांत जोडून घ्यावे लागतील. केवळ शासकीय नोकरीसाठी हा खटाटोप आवश्यक नाही. जिल्हा परिषदेतील औषध निर्माण अधिकारी या पदासाठी पदविका आणि नोंदणी ग्राह्य धरली जाते. भरतीच्या जाहिरातीतील अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचून आपण आताच तयारीला लागावे.

प्रश्न : पदविका आणि नोंदणी झाल्यावर मला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आहे. एक दुकानदार म्हणतात, ‘तू कॉलेजला जा, प्रमाणपत्र फक्त आमच्या दुकानात लाव, दरमहा पैसे देतो.’ यात वावगे काय?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वावगे हे की, त्या दुकानातून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधावर आपली देखरेख आहे, असे आपण शासनाला लिहून देणार आणि त्याच वेळी वर्गात आपली हजेरी लागणार. एकाच दिवशी एकाच तासाला दोन ठिकाणी असल्याचा हा पुरावा आपल्याच सहीचा असेल. चुकीचे औषध गेले किंवा तपासणी झाली, तर उत्तर ज्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे त्याला द्यावे लागते आणि राज्य कौन्सिलला नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा अधिकार आहे. या प्रकाराला ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ असे म्हणतात आणि तो सर्रास चालतो, हे मला ठाऊक आहे. तरीही नकार द्यावा. सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी प्रत्यक्ष काउंटरवर उभे राहून काम करण्याची तयारी असेल, तर जेथे दुसरा पूर्णवेळ फार्मासिस्ट आधीपासून आहे असे दुकान शोधावे. तेथे मिळणारे पैसे कमी असतील, पण चिठ्ठी वाचण्याचा सराव होईल, आणि तो तिसऱ्या सत्रातील एकाही पुस्तकात नाही.