पाणी कुठे मुरतंय ते आधी बघा

गेल्या अंकात घराच्या पायाविषयी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे पायालाच दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, आमचं एकमजली घर अठरा वर्षांचं आहे. वर्षभरात मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरका तडा गेलाय. वरच्या टोकाला पेन्सिलीचं टोक आत जातं, खाली तो केसाएवढा आहे. ठेकेदार म्हणतात, पाया गेला, त्या बाजूचा सगळा तोडून काँक्रीटचा नवा घ्यावा लागेल. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून हे घर बांधलंय. झोप लागत नाही.

उत्तर : तोडायचं ठरलं असेल तर आधी ते थांबवा. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार मोलाची आहे : तडा वर रुंद आणि खाली बारीक आहे. म्हणजे तो कोपरा खाली बसता बसता बाहेरच्या अंगाला कलतोय. भिंतीचा मधला भाग खचला असता तर तडा बहुधा खाली रुंद झाला असता. यावरून कोपऱ्याखालची जमीन दबली एवढंच कळतं, पायाचं काँक्रीट खराब झालं असं नाही. पाया म्हणजे घराचं ओझं जमिनीवर पसरवणारा पाट. पाटाखालची जमीन भुसभुशीत झाली असेल तर नवाकोरा पाटही तिथेच रुतणार.

अशा घरी गेले की मी तडा नंतर बघते. आधी घराला बाहेरून एक सावकाश फेरी मारते. गच्चीवरून येणारा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी सुटलाय का? न्हाणीघराचं सांडपाणी कुठून जातं? भिंतीलगतची जमीन घराकडे उतरते की घरापासून लांब? झिरपणारं पाणी मातीतले बारीक कण हळूहळू वाहून नेतं आणि पायाखाली पोकळी करतं. वरून काही दिसत नाही. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी परत बघा. कोणी पाणी वापरलं नसताना आकडा पुढे गेला असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय, अगदी शब्दशः.

भिंतीजवळ मोठं झाड आहे का, तेही बघा. काळी किंवा चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. कोरड्या दिवसांत मुळं तिच्यातला ओलावा ओढतात आणि तेवढाच कोपरा खाली बसतो. पण म्हणून लगेच कुऱ्हाड चालवू नका. जुनं झाड एकदम तोडलं की तीच माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि घर वर उचलते. झाडाचा निर्णय माती तपासल्यावरच घ्या.

आता तड्याकडे. दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. तड्याच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि दर महिन्याला दोघांमधलं अंतर व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) मोजून वहीत उतरवा. हे किमान वर्षभर करा, म्हणजे कोरडे आणि ओले दोन्ही दिवस मोजणीत येतील. अंतर कोरड्या दिवसांत वाढून ओल्यात कमी होत असेल तर माती श्वास घेतल्यासारखी हलते आहे. सारखं वाढतच असेल तर पाया अजून बसतोय. वर्षभर आकडा हललाच नाही तर खचणं थांबलंय. मग तडा नीट भरून घ्या आणि शांत झोपा.

मात्र दरवाजे अचानक अडकू लागले, तडा आठवड्यागणिक वाढताना दिसला किंवा कॉलम-बीमला भेग दिसली, तर वर्षभर थांबायचं नाही. लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्यांच्या देखरेखीखाली कोपऱ्याजवळ एक छोटा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे आणि कसल्या थरावर बसलाय हे डोळ्यांनी बघा. खड्डा पायाच्या तळाखाली नेऊ नका, नाहीतर तिथली माती बाहेर सरकेल. आणखी एक, हे मी प्रत्येकाला सांगते : पाया तोडावा की नाही हे सांगणारा आणि तोडून बांधण्याचे पैसे घेणारा माणूस एकच नसावा.

प्रश्न : आमच्या नव्या घराची खोदाई झाली, सळईच्या जाळ्या तयार आहेत आणि पाऊस येऊन खड्ड्यांत वीतभर पाणी साचलंय. मेस्त्री म्हणतात, काँक्रीट ओतलं की ते पाणी पिऊन घेईल. दिवस वाया जाऊ नये म्हणून ओतू का?

उत्तर : नाही. काँक्रीट पाणी ‘पिऊन’ घेतं ते स्वतःची ताकद घालवून. शिवाय खड्ड्याच्या तळाची माती आता चिखल झाली आहे. कागदावर तुमच्या इंजिनिअरने धरलेली जमिनीची ताकद त्या चिखलात उरलेली नाही.

पाणी पंपाने काढा, चिखल फावड्याने खरवडा. पहार मारल्यावर ती अडून परत हाताला जाणवेल, असा टणक थर लागेपर्यंत खाली जा. कुठे जास्त खोल गेलात तर खोदलेली मातीच परत टाकून समपातळी करू नका. तेवढी जागा साध्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरा. तळ मोकळा झाला की त्याच दिवशी साधारण 75 ते 100 मिलिमीटर जाडीचा पीसीसीचा, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर द्या, म्हणजे पुढच्या पावसाला नुसती माती सापडणार नाही. जाळी त्यावर, पण टेकवायची नाही. खाली 50 मिलिमीटरचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवा. विटेचे तुकडे, दगड, लाकडाच्या ढलप्या चालणार नाहीत. वीट ओल धरते आणि लाकूड कुजतं. सळईला गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं सविस्तर लिहिते, कारण पाया बिघडण्याची सुरुवात मी जास्त वेळा मिक्सरपाशी पाहिली आहे. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. बाकीचं आपण मिश्रण हलवता यावं म्हणून घालतो आणि ते सुकून गेलं की मागे बारीक छिद्रं उरतात. डफ अब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने 1918 साली मांडलं की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ते आजही खरं आहे. प्रमाण 0.5 ठरलं असेल तर 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर पाणी. ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. पाऊस पडून गेलेल्या वाळूत ते बरंच असतं आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या देखरेखीखाली सहा फूटिंग, म्हणजे कॉलमखालचे काँक्रीटचे पाये, भरली जात होती. अर्ध्या तासासाठी मी जेवायला गेले. तेवढ्या वेळात मिश्रण लवकर पसरावं म्हणून मिक्सरमध्ये प्रत्येक फेरीला जादा बादली गेली. वरून काही कळलं नाही, उलट पृष्ठभाग गुळगुळीत आणि देखणा आला. शेवटच्या दोन फूटिंगच्या वेळी त्याच काँक्रीटचे भरलेले नमुन्याचे ठोकळे 28 दिवसांनी दाबून बघितले. एम 20 या ताकदीच्या काँक्रीटला वीस न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर सोसायला हवे होते. ते चौदाला फुटले. ती दोन फूटिंग फोडायला लावली तेव्हा घरमालक बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून मिक्सर चालू असताना मी जागा सोडलेली नाही. तुम्हीही सोडू नका. मिश्रण घट्ट वाटलं तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन) वापरा आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) नीट चालवा. पाणी वाढवू नका.

प्रश्न : ताई, फूटिंग दुसऱ्याच दिवशी दगडासारखं झालंय. तरी रोज पाणी मारायचं का? आणि माती कधी भरायची?

उत्तर : हो, मारायचं. हाताला कडक लागणं आणि ताकद येणं यांत फरक आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग, म्हणजे कोळशाची राख किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी, मिसळलेल्या सिमेंटला दहा किंवा जास्त. सकाळी एकदा पाणी मारून दुपारी कोरडं पडू देणं उपयोगाचं नाही. ओली गोणपाटं घालून ठेवा. हे ओलं ठेवणं, म्हणजे क्युरिंग, झाल्यावरच माती भरा, तीही 150 ते 200 मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसून. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढवत न्या, नाहीतर एका अंगाच्या मातीच्या दाबाने नवी भिंत सरकते.

प्रश्न : आजोबांच्या काळचं दगडी घर आहे. इंजिनिअरने तपासून सांगितलं की पाया उथळ आहे आणि एक बाजू अजून खचतेय, खालून काँक्रीटचा पाया द्यायला हवा. घर उभं असताना त्याच्या खाली खोदायचं, या कल्पनेनेच आईला धडकी भरली आहे. हे खरंच करतात का?

उत्तर : करतात, आणि शंभर वर्षांपूर्वी याहून कठीण परिस्थितीत केलं गेलंय. ही गोष्ट आईंना वाचून दाखवा. इंग्लंडमधलं विंचेस्टर कॅथीड्रल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खचू लागलं होतं. त्याच्या पायाखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर होता आणि खड्डे घेतले की पाणी भरायचं. पाणी उपसलं तर इमारत आणखी खचण्याची भीती. मग विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या 1906 ते 1911 अशी वर्षं त्या गढूळ पाण्यात उतरत राहिला. अंधारात नुसत्या हाताच्या स्पर्शाने त्याने तळाशी काँक्रीटच्या गोण्या रचल्या. त्यांनी तळ बंद झाल्यावर पाणी उपसता आलं आणि गवंड्यांनी वरचं काम केलं. कॅथीड्रल आजही उभं आहे.

तुमच्या घराचं काम कोरड्या खड्ड्यात होईल, पण तत्त्व एकच : एका वेळी थोडंच उघडं करायचं. भिंतीची लांबी साधारण एक ते सव्वा मीटरच्या तुकड्यांत आखतात आणि त्यांना क्रमांक देतात. आधी पहिला, मग तिसरा, मग पाचवा, नंतर दुसरा आणि चौथा. शेजारचे दोन तुकडे एकाच वेळी कधीच उघडायचे नाहीत. खोदायचं, तळ तपासायचा, काँक्रीट भरायचं आणि जुन्या पायाच्या तळाखाली 75 मिलिमीटरच्या आसपास फट ठेवायची. ताजं काँक्रीट थोडं आकुंचन पावतं, म्हणून ती फट त्याच दिवशी भरत नाहीत. काँक्रीट कडक झाल्यावर जेमतेम ओलसर, घट्ट मॉर्टर (सिमेंट-वाळूचा माल) लाकडी ठोकळ्याने ठासून भरतात. घराचं ओझं नव्या पायावर येतं ते या ठासण्यातून. हे मॉर्टर पातळ केलं किंवा नुसतं वरवर लिंपलं, तर इतकं खोदूनही घर जुन्या जागीच लटकत राहील.

काही ठिकाणी खालून लोखंडी बीम घालून, जॅकवर घर पेलून पाया पूर्ण बदलतात. लाकडी किंवा हलक्या घरांना ते जमतं. तुमच्या भिंती दगडी, चुन्यात बांधलेल्या. त्यांना उचलण्याचा विचार करू नका, टप्प्याटप्प्याने खालून पाया घेणंच योग्य.

त्या बाजूच्या खोल्या काम संपेपर्यंत रिकाम्या ठेवा. आईंना त्या दिवसांत नातेवाईकांकडे पाठवलंत तर तुम्हालाही बरं वाटेल. जोत्यावर सगळीकडे समपातळीच्या खुणा करून घ्या आणि लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) त्या रोज सकाळी, खोदाई सुरू होण्याआधी तपासा. एखादी खूण खाली गेलेली दिसली तर नवा तुकडा उघडायचा नाही, आधी इंजिनिअरला फोन करायचा. आणि मॉर्टर ठासण्याच्या दिवशी कामावर सुट्टी टाका. त्या वेळी स्वतः खड्ड्याच्या काठावर बसा. ठासताना आवाज भरीव येतो की पोकळ, हे कानाला लगेच कळतं.