भिंतीतल्या पोर्टपासून सुरुवात कर

प्रश्न : मॅडम, मी मूळचा लातूरचा, डिप्लोमा करून पुण्यात एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला लागलोय, दोन महिने झाले. तीन मजले आहेत, हजाराच्या वर माणसं. सिनियरनी पहिल्याच दिवशी नेटवर्क डायग्राम हातात दिला, रोज बघतो पण डोक्यात काही बसत नाही. कोअर, डिस्ट्रिब्युशन, अ‍ॅक्सेस ही नावं पाठ झालीत पण कुणी नेट बंद आहे म्हणून फोन केला की मी नुसता स्क्रीनकडे बघत राहतो. कुठून सुरू करू? मला अरेतुरेच करा. — एक वाचक, पुणे

उत्तर : आठवडाभर तो डायग्राम कपाटात ठेव, खरंच सांगतेय. ज्याला नेटवर्क आधीच माहितीये त्याला आठवण करून द्यायला डायग्राम कामाचा, नवीन माणसाला त्यात नुसते चौकोन आणि रेघा दिसतात. तू तुझ्या स्वतःच्या टेबलापासून चालत निघ.

आधी तुझ्याच पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही कमांड मार आणि वहीत चार गोष्टी लिहून घे, आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता), गेटवे (तिथून बाहेर जायचं दार), डीएचसीपी सर्व्हर (पीसीला आयपी वाटून देणारा) आणि फिजिकल अ‍ॅड्रेस. हा फिजिकल म्हणजेच मॅक अ‍ॅड्रेस, सहा जोड्यांचा, त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून ते कार्ड कुठल्या कंपनीनं बनवलं ते कळतं. मग टेबलाखाली वाक आणि केबल भिंतीतल्या ज्या आयओमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सॉकेटमध्ये, गेलीये त्याचा नंबर बघ, समज 2बी-47. आता सिनियरकडून चावी घेऊन मजल्यावरच्या हब रूममध्ये जा, तिथं पॅच पॅनलवर (भिंतीतल्या केबल जिथं येऊन संपतात ती पट्टी) हाच 2बी-47 शोध, त्यातून निघालेली पॅच कॉर्ड बोटानं धरून धरून स्विचच्या (सगळ्या पीसींना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीच्या) कुठल्या पोर्टात शिरते ते बघ. मग स्विचवर लॉगिन करून मॅक अ‍ॅड्रेस टेबल काढ, त्या पोर्टासमोर तुझ्या वहीतलाच मॅक दिसला पाहिजे. तो दिसतो ना, त्या क्षणी नेटवर्क पहिल्यांदा आपलं वाटतं. लेबल चुकीचं निघालं तर अजूनच चांगलं, ते दुरुस्त कर, पुढच्या माणसाचे दोन तास वाचतील.

तिथंच उभा राहून एक विचार कर, प्रत्येक मजल्यावर वेगळी हब रूम का? कारण तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर आहे, त्यातले 90 भिंतीतून आणि छतातून जाणाऱ्या पक्क्या केबलचे, उरलेले 10 दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. त्यापुढं ती केबल चालेलही, पण कधी चालेल आणि कधी रुसेल ते सांगता येत नाही, आणि असला फॉल्ट शोधायला जीव जातो. म्हणून माणसांजवळ अ‍ॅक्सेस स्विच बसवतात आणि तिथून वर फायबर नेतात, बहुतेक ठिकाणी पिवळी किंवा फिकट निळसर दिसेल, पिवळी म्हणजे सिंगल मोड, लांब पल्ल्याची. नीट बघ, फायबरच्या जोड्या बहुधा दोन असतील आणि दोन वेगळ्या मोठ्या स्विचला गेलेल्या असतील. ते तुमचे कोअर. तीन मजल्यांच्या ऑफिसात डिस्ट्रिब्युशन (अ‍ॅक्सेस आणि कोअरच्या मधला थर) आणि कोअर बऱ्याचदा एकाच पेटीत असतात, त्यामुळं डायग्राममधलं डिस्ट्रिब्युशन शोधत बसू नकोस. कोअरपासून पुढं फायरवॉल (काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी), मग आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटर, मग बाहेरचं जग.

आता दोन रस्ते म्हटल्यावर एक गोम येते, आणि ही मला तुला मनापासून सांगायचीये. एक रस्ता तुटला तर दुसरा हवा हे बरोबर, पण इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला) वय नसतं, गोल वाट मिळाली की ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना पाठवलेला संदेश, फिरतच राहतो, प्रत्येक फेरीला वाढतो आणि काही सेकंदात सगळं ठप्प होतं. हे अडवायला स्विच आपापसात बोलून एक रस्ता मुद्दाम बंद ठेवतात, त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात, रेडिया पर्लमन यांनी 1985 साली डीईसी या कॉम्प्युटर कंपनीत असताना काढलेली युक्ती, आजही चालते.

मी नवीन असताना एका ठिकाणी मीटिंग रूममध्ये कुणीतरी मोकळी लोंबणारी पॅच कॉर्ड आवरून ठेवायची म्हणून तिचं दुसरं टोक शेजारच्या आयओत घातलं. बस, एवढंच. त्या स्विचेसवर स्पॅनिंग ट्री बंद केलेलं होतं. हब रूममध्ये गेले तर सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकत होते, एरवी ते कसे वेगवेगळे, पावसाच्या थेंबांसारखे लुकलुकतात. मला पाऊण तास लागला ती कॉर्ड सापडायला आणि तेवढा वेळ खाली अख्खा मजला हात बांधून बसलेला. ते दिवे मी अजून विसरले नाही. तू रोज पाच मिनिटं नुसते दिवे बघ, चांगल्या दिवशी ते कसे दिसतात ते डोळ्याला माहीत पाहिजे.

आणि स्पॅनिंग ट्री आहे म्हणून निवांत राहायचं असंही नाही. बोस्टनचं बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटल, नोव्हेंबर 2002. लागेल तसे स्विचला स्विच जोडत नेटवर्क वाढवत नेलेलं, स्पॅनिंग ट्रीचा हिशोब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विच धरून केलेला असतो, हे त्याच्या पलीकडं गेलेलं. एक दिवस ट्रॅफिक वाढला, ते सगळं कोसळलं, आणि एवढं मोठं हॉस्पिटल जवळजवळ चार दिवस कागदावर चाललं, लॅबचे रिपोर्ट माणसांनी हातानं वॉर्डात पोचवले. म्हणून तुमच्या कुठल्या कोपऱ्यात कुणी टेबलाखाली छोटा स्विच लावून त्याला अजून एक लावलाय का, ते शोधून लिहून ठेव. हे काम कुणी सांगणार नाही तुला, पण कर.

आता फोन आला की काय करायचं, तर हाच रस्ता परत चालायचा, टेबलाकडून बाहेर. केबलचा दिवा लागलाय का? आयपी 169.254 नं सुरू होतोय का, तसं असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालाच नाही. गेटवे पिंग होतोय का, म्हणजे हाक मारल्यावर उत्तर देतोय का? होत असेल तर बाहेरचा एखादा आयपी. तोही होतोय पण साइट नावानं उघडत नाही, मग अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेची. या चार प्रश्नांत बहुतेक कॉल कुठं अडलेत ते कळतं. आठवड्यानंतर डायग्राम कपाटातून काढ आणि त्यातल्या चुका पेन्सिलनं दुरुस्त कर.

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये आहे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण डिझाइनला. दोघींच्या केबल एकाच स्विचला जातात असं आयटीवाले म्हणतात, तरी तिचा शेअर फोल्डर मला दिसत नाही. का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण स्विच एक असला तरी त्यात बिऱ्हाडं वेगळी केलीयेत, त्याला व्हीलॅन म्हणतात. जुन्या वाड्यात कसं, भिंत एकच पण माझ्या घरातून तुमच्या घरात जायचं तर चौकात येऊनच जावं लागायचं, आणि चौकात कुणी ना कुणी बसलेलं असायचं. तुमचा आयपी 10.20.30 वाला असेल, तिचा 10.20.40 वाला, मधला चौक म्हणजे कोअर स्विच किंवा फायरवॉल, आणि तिथं नियम लिहिलाय की डिझाइनकडचं अकाउंट्सला बंद. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हो. उद्या डिझाइनच्या एखाद्या पीसीत रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं तर ते पगाराच्या फायलींपर्यंत सहज पोचू नये म्हणून. फोल्डर खरंच लागत असेल तर साहेबांकडून मेल करून घ्या, आयटी तेवढंच एक दार उघडून देईल. पेनड्राइव्हनं फायली इकडून तिकडं नेऊ नका, त्यानं सगळ्या भिंतींचा उपयोग जातो.

प्रश्न : आमचा कारखाना आहे. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या, तरी मागच्या महिन्यात दोन्ही एकदम गेल्या, दिवसभर डिस्पॅच अडलं. पैसे वाया गेले का? — एक वाचक, वाळूज

उत्तर : वाया नाही गेले, पण जमिनीखाली काय आहे ते बघितलं गेलं नाही. माझा अंदाज, दोन्ही फायबर एकाच चरातून गेटपर्यंत आल्यात आणि जेसीबीनं एकदाच खोदलं. बिलं दोन, रस्ता एक. दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा की तुमची केबल कुठल्या खांबावरून, कुठल्या बाजूनं येते, आणि एक लाइन मागच्या गेटनं किंवा टॉवरवरून रेडिओनं घ्या. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी स्वतः समोर उभं राहून पहिल्या लाइनची केबल काढा, दुसरीवर काम चालतंय का ते बघा. हे न करता बॅकअप आहे असं म्हणू नका.

अजून एक. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं सहा तासांच्या आसपास बंद होतं, मेंटेनन्सच्या एका चुकीच्या कमांडनं त्यांचं आतलं मुख्य नेटवर्कच तुटलं आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर असल्यानं इंजिनिअरना आत शिरायलाच वेळ लागला. तुमच्याकडं एवढं मोठं काही नाही, पण राउटरला कन्सोलवरून (दुरुस्तीसाठी असलेल्या वेगळ्या पोर्टावरून) जोडलेलं एक 4जी सिमचं छोटं डिव्हाइस ठेवा, दोन्ही लाइन गेल्या तरी तुमचा नेटवर्कवाला घरून आत येऊ शकेल. त्या सिमचा रिचार्ज कुणी करायचा ते मात्र आजच ठरवा आणि राउटरवर चिकटवा.