मुलाची एफ-२५० पंधरा हजार पौंड ओढते, मग तीस फुटी ट्रेलर घेऊन यलोस्टोनला जाताना काळजी कशाची घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगा डेन्व्हरला असतो, त्याने डिझेलची फोर्ड एफ-२५०, म्हणजे मोठा पिकअप ट्रक घेतला आहे आणि आता तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर बघतोय. जूनमध्ये तुम्ही दोघं तिकडे गेलात की सगळ्यांनी मिळून यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. डीलर म्हणतो, ट्रक पंधरा हजार पौंड ओढतो, ट्रेलर सात हजार पौंडांचा आहे, डोळे झाकून न्या. मग काळजी करण्यासारखं काही उरतं का, असं तुम्ही विचारलंय.

उरतं, आणि बरंच उरतं. निगडीला माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. मुलगी-जावई कोलोरॅडोत असल्यामुळे तिकडे गेलो की त्यांचा ट्रेलर घेऊन फिरणं होतं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बघितलंय. ओढण्याच्या आकड्यात अडकू नका. असा ट्रक तो ट्रेलर आरामात ओढेल. बघायचं ते हे, की मागचा भार ट्रकच्या पाठीला झेपतो का आणि उतारावर तो सगळा बाडबिस्तरा तुमच्या म्हणण्यानुसार थांबतो का.

आधी भाराचं. डीलरने सांगितलेलं सात हजार हे ट्रेलरचं कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन असणार. त्यात पाणी नाही, गॅस नाही, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, किराणा, खुर्च्या, काहीच नाही. एक अमेरिकन गॅलन पाणी पावणेचार किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पन्नास गॅलनची टाकी भरली की १९० किलो तिथेच वाढले. म्हणून ट्रेलरच्या स्टिकरवर जास्तीत जास्त भरलेलं वजन दिलेलं असतं, हिशेब त्या आकड्यावर करायचा. तीस फुटी ट्रेलरला ते साडेनऊ हजार पौंड आहे असं धरून चालू.

ट्रेलरच्या नाकाचा, म्हणजे हिचच्या (ट्रकमागच्या जोडाच्या) गोळ्यावर येणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. साडेबारा टक्के धरले तर जवळजवळ १,१९० पौंड. हा भार ट्रक ओढत नाही, पाठीवर वाहतो. आता मुलाला ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडायला सांगा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा एक स्टिकर आहे आणि त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं आहे. तो आकडा त्याच्याच गाडीचा असतो. शेजाऱ्याच्या एफ-२५० चा वेगळा निघेल. डिझेल इंजिन वजनदार, वर चार दरवाजे, चार चाकांना ड्राइव्ह, सनरूफ, असं जेवढं भारी मॉडेल तेवढा तो आकडा कमी होतो. समजा २,३०० पौंड आहे. माणसांचे ७००, हिचच्या सांगाड्याचे १००, मागच्या हौद्यात जनरेटर, हत्यारं, बर्फाची पेटी मिळून २५०, आणि नाकाचे १,१९०. झाले २,२४०. पंधरा हजार ओढणारा ट्रक साडेनऊ हजारांच्या ट्रेलरपाशीच भरला! सौ. वहिनींनी दिवाळीच्या फराळासारखे डबे भरून घेतले तर तेवढंही शिल्लक राहणार नाही.

हे कागदावरचं गणित झालं. खरं कळतं ते काटा केल्यावर. तिकडे हायवेवरच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, थोड्या पैशांत चिठ्ठी मिळते. आपल्या वजनकाट्यावर एकच एकूण वजन येतं, तिथे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल अशी तीन वजनं वेगळी छापून मिळतात. सगळं सामान भरून, सगळी माणसं बसवून एकदा काटा करा. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचा, तीच माणसं बसलेली असताना, दुसऱ्यांदा. दोन्ही चिठ्ठ्यांतल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे नाकाचा भार. पुढच्या चाकांवरचं वजन ट्रेलर जोडल्यावर बरंच कमी झालेलं दिसलं तर स्टिअरिंग हलकं पडणार आणि पुढचे ब्रेकही कमी धरणार. त्यासाठी वजन वाटून देणारा हिच मिळतो, दोन बाजूंना जाड पट्ट्या असलेला. त्या ताणल्या की मागे बसलेला भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. ट्रक दणकट आहे म्हणून हा खर्च वाचवू नका. डोलणं आवरणारा प्रकार त्यातच बसवलेला मिळाला तर उत्तम.

डोलण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण माणसं यातच जातात. नाकावर भार कमी पडला, वेग वाढला, शेजारून मोठा कंटेनर सर्रकन गेला किंवा आडवा वारा आला की ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडे जायला लागतो. अशा वेळी आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तेच करायचं नसतं. ट्रकला ब्रेक लागला की मागचं धूड आणखी ढकलतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलटसुलट वळवून सावरायला जायचं नाही. डॅशबोर्डवर ट्रेलरच्या ब्रेकचा जो हाताने चालवायचा खटका असतो तेवढाच दाबायचा. त्याने फक्त ट्रेलरची चाकं धरतात, मागून ताण बसतो आणि गाडी सरळ होते. तो खटका कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला न बघता सापडलं पाहिजे. मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस मैलांच्या वेगात तो दाबून बघा. ट्रेलरच्या ब्रेकचा जोर चाकं जाम होतील न होतील इतपत ठेवायचा आणि मग किंचित कमी करायचा.

सामान भरतानाही हेच डोक्यात ठेवा. जड वस्तू ॲक्सलच्या वर आणि जरा पुढे, जमिनीलगत. मागच्या बंपरवर सायकली टांगायची तिकडे फार हौस आहे, पण त्याने नाक उचललं जातं.

आता उतार. तुम्ही पुण्याच्या सिंहगड रोडचे, म्हणजे नवले पूल तुम्हाला मी सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की तो लांबच लांब उतार लागतो, डिझेल वाचवायला कोणीतरी गाडी न्यूट्रल करतो आणि ब्रेकवर ब्रेक मारत खाली येतो. लायनर तापतात, धूर येतो आणि पुलापाशी पोचेपर्यंत पायाखाली ब्रेकच उरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तिथे कित्येक गाड्या चेचल्या, त्यानंतरही तिथे अपघातांत माणसं मरायची थांबलेली नाहीत. मला त्या उताराचा राग येतो, कारण ब्रेक तापून जाणं हे टाळता येण्यासारखं आहे. डोंगर कुठलाही असो, गाडी गिअरमध्ये उतरली पाहिजे.

एफ-२५० मध्ये त्यासाठी सगळी सोय आहे. टो-हॉल नावाचा मोड आहे, तो लावला की गिअरबॉक्स उतारावर स्वतःहून खालचा गिअर धरून ठेवतो. डिझेल इंजिनाला एग्झॉस्ट ब्रेकही आहे, आपल्याकडच्या मोठ्या गाड्यांना असतो तसाच. दोन्ही चालू ठेवा आणि उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच वेग कमी करा. तरी वेग वाढलाच तर एकदा खणखणीत ब्रेक दाबून पाच-दहा मैल उतरवायचे आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. पाय नुसता टेकवून ठेवणं सगळ्यांत वाईट. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा आहे, ११,००० फुटांहून उंच, आणि पुढे सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला चढणीचे खडीचे रस्ते काढून ठेवलेत. तुमचा यलोस्टोनचा रस्ता तो नाही, पण मुलगा सरावाला म्हणून शनिवार-रविवारी तिकडेच जाईल असं वाटतं. पहिला सराव सपाटीवर करा म्हणावं.

यलोस्टोनला जाताना बहुतेक जण फोर्ट कॉलिन्सवरून लॅरमी, तिथून आय-८० ने रॉलिन्स आणि मग वर लँडरकडे जातात. यात मला सर्वांत जास्त जपावासा वाटणारा टप्पा डोंगरातला नसून लॅरमी ते रॉलिन्स हा सपाट वाटणारा हायवे आहे. एल्क माउंटनच्या आसपास वारा असा आडवा येतो की हलक्या पण उंच गाड्यांना रस्ता चक्क बंद करतात. तुमचा ट्रेलर अगदी त्याच जातीचा, पत्र्याची भिंत. जूनमध्ये हिवाळ्याइतका जोर नसतो, तरी निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी वायोमिंग राज्याच्या रस्ते खात्याची माहिती बघा. वारा दुपारी चढतो, म्हणून तो पट्टा सकाळीच मागे टाका. वारा सुटलाच तर ट्रक-स्टॉपवर चहा घेत बसा, बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील.

तिथली वेगमर्यादा ताशी ७५-८० मैल असते. तुम्ही साठ-बासष्टच्या वर जाऊ नका. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात, त्यांतले बरेचसे ६५ मैलांपर्यंतच बनवलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला मर्यादाच ५५ आहे. हवा गार टायरमध्ये, ट्रेलरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी पूर्ण. कित्येकांना ८० पीएसआय लागते, कारमध्ये ३२ भरणाऱ्या हाताला ते चुकीचं वाटतं, पण बरोबर आहे. जुना ट्रेलर घेत असाल तर टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही ताजी दिसली तरी बदलून घ्या, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. चाकांचे नट पहिल्या पन्नास-शंभर मैलांत पुन्हा आवळायचे आणि प्रत्येक थांब्यावर हबजवळ हात नेऊन बघायचा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय असं वाटलं तर बेअरिंग किंवा ब्रेक बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ट्रेलर जोडताना माझा जावई करतो ती एक गोष्ट मला फार आवडली. नाक गोळ्यावर बसवलं, नाकाचा खटका लावला, पिन घातली की तो ट्रेलरचा जॅक पुन्हा वर फिरवतो. नाकाबरोबर ट्रकची मागची बाजू दोन-तीन इंच वर आली म्हणजे खटका खरोखर बसलाय. नाक एकटंच वर निघालं तर नुसता बसल्यासारखा दिसत होता. मग जॅक पूर्ण आत, साखळ्या नाकाखालून एकमेकींना ओलांडून दोन बाजूंना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी जी बारीक तार असते ती ट्रकला वेगळी अडकवायची, साखळीला नाही. सात पिनांची वायर लावली की एकाने मागे उभं राहून दिवे बघायचे. हे सगळं करत असताना कोणाशी बोलायचं नाही, अगदी नातवाशीही नाही. सोडताना उलट क्रम, पण चाकांना ठोकळे आधी लावायचे, खटका नंतर.

रिव्हर्सला घाबरू नका. स्टिअरिंग खालून, घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी धरा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची पाठ जाते. बाकी काम मागे उभ्या राहणाऱ्याचं आहे. आपल्याकडे क्लीनर पत्र्यावर थाप मारून सांगतो, तिकडे फोन चालू ठेवा किंवा हातवारे आधी ठरवून घ्या, आणि तो माणूस आरशातून दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबा. वळताना ट्रेलर आतली बाजू कापतो, त्यामुळे चौकात आधी सरळ पुढे जाऊन मग वळायचं. पेट्रोल पंप निवडताना शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा.

यलोस्टोनमध्ये वीज, पाणी, सांडपाणी हे तिन्ही जोडून मिळणारी जागा फिशिंग ब्रिजला आहे, आणि ती फार लवकर भरते, आजच बघा. बाकीच्या बऱ्याच जागा जुन्या आहेत, तीस फुटी ट्रेलर आणि ट्रक मिळून मावेल का ते लांबी विचारूनच ठरवा. वर उत्तरेला ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचा विचार असेल तर तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन सोडत नाहीत, ट्रेलर खालीच ठेवावा लागेल.

तुम्हीही थोडं चालवणार असाल तर पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो, आणि मूळ लायसन्स बरोबर ठेवा. मुलाला त्याच्या विमा कंपनीकडून ट्रेलर ओढताना तुमचं नाव चालतं का हे लेखी घ्यायला सांगा. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसून आरसे सांभाळा.

ट्रेलरचा बयाणा अजून दिलेला नसेल तर थांबा. दरवाज्यावरच्या स्टिकरचा आकडा, त्या ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन आणि हिचवर लिहिलेली मर्यादा, एवढं मुलाकडून फोटो काढून मागवा आणि इथे लिहा. गणित मी करून देतो, मग सव्वीस फुटी घ्यायचा की तीस ते ठरवा.