टूलचं वर्णन लिहिताना

एआय एजंटला, म्हणजे तू दिलेली टूल्स (कोडमधली फंक्शन्स) वापरून कामं करणाऱ्या मॉडेलला, तुझा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्यावरच तो टूल निवडतो. म्हणून ‘ऑर्डर शोधते’ एवढ्यावर थांबू नकोस. ऑर्डर क्रमांकाने शोधते की मोबाइल नंबराने, काही सापडलं नाही तर रिकामी यादी येते की एरर, हे सगळं लिही. टूल कधी वापरू नये तेही सांग. परताव्यासाठी वेगळं टूल असेल तर त्याचं नाव इथेच घे. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ ‘कधी वापरू नये’ हे सांगणारं वाक्यच टाळतं. इनपुटच्या वर्णनात नुसतं ‘तारीख’ लिहिलंस तर ०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल, हे मॉडेल अंदाजाने ठरवणार, म्हणून नमुना दे. ठरावीक पर्यायांना एनम, म्हणजे चालणाऱ्या मूल्यांची पक्की यादी, दे. मग ग्राहकांचे खरे प्रश्न विचारून बघ आणि लॉग (एजंटने कोणतं टूल कसं वापरलं याची नोंद) नीट वाच.