द्राक्षबागेचा व्यवस्थापक व्हायचंय?

प्रश्न : कृषी पदवीचं शेवटचं वर्ष आहे. द्राक्षबागेचं व्यवस्थापन करायचं तर आधी काय शिकू?

उत्तर : छाटणी ते काढणी असा एक अख्खा हंगाम मजुरांबरोबर काढा. पदवीपेक्षा कात्री आधी बोलते. काडीवरचे दोन डोळे (फुटीचे कोंब) राखून छाटताना काप वरच्या डोळ्यापासून सेंटिमीटरभर वर घ्या. अगदी चिकटून घेतला तर काडी वाळत खाली येते आणि डोळा मरतो.

मग फवारणीचं गणित. सगळ्या नोझलांतून मिनिटाला 20 लिटर, ट्रॅक्टरचा वेग ताशी 5 किलोमीटर, ओळींतलं अंतर 3 मीटर. 20 गुणिले 600 (एककं जुळवणारा ठरलेला आकडा), भागिले 15 (वेग गुणिले अंतर), म्हणजे हेक्टरी 800 लिटर. एक नोझल तुंबलं की नेमक्या त्याच उंचीवर रोग दिसतो, आणि बोल लागतो औषधाला! केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीसारखे रोग; केवड्याला ओली पानं लागतात, भुरीला नाही. कोरड्या दिवसांत गाफील राहू नका.

गोडी तपासताना उन्हातले टपोरे मणीच तोडले तर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) फुगून येतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडांच्या वरचे-खालचे मिळून 100 मणी घ्या, रस एकत्र करा, मगच रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर, थेंब.

हजेरी, हिशेब कामावर येतंच.