अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधे लोक 'यिन्झ' म्हणतात ते नेमकं काय आहे?

'यिन्झ' म्हणजे आपलं 'तुम्ही', एकापेक्षा जास्त लोकांना म्हणायचं असेल तेव्हाचं. इंग्रजीत एकाला पण 'यू' आणि दहा जणांना पण 'यू', त्यामुळे हा शब्द खरंच कामाचा आहे. मूळ 'यू वन्स', जो १८व्या शतकात आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेल्या स्कॉट्स-आयरिश लोकांनी आणला, आवराआवर करायला 'रेड अप' म्हणतात तेही त्यांचंच. रबरबँडला 'गमबँड', हा बहुतेक जर्मनांकडून आलेला. आणि डाउनटाउनचं 'डाऽनटाऽन' होतं! मला सगळ्यात आवडतं ते 'द कार नीड्स वॉश्ड', मधलं 'टू बी' सरळ गायब. याला चुकीचं इंग्रजी अजिबात म्हणू नका, ती तिथली बोली आहे, आता तरुणांमधे कमी होत चाललीये याचं वाईट वाटतं.