शेल स्क्रिप्टने १० सेकंद उत्तराची वाट पाहून पुढे जावं, हे नीट कसं करायचं?

तुमची अडचण अशी आहे: स्क्रिप्ट "सर्व्हिस रीस्टार्ट करू का?" असं विचारते आणि १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर तिने पुढे जायला हवं. टर्मिनलवर हे जमतं. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) मात्र ती क्षणभरही थांबत नाही, आणि एका उबुंटू मशीनवर 'इल्लीगल ऑप्शन' म्हणून तिथेच मरते. इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.

उबुंटूचं आधी सांगते, ते सोपं आहे. रीड ही उत्तर वाचून घेणारी कमांड, आणि किती सेकंद थांबायचं ते सांगणारा तिचा 'मायनस टी' हा ऑप्शन बॅश या शेलचा आहे (झेडशेल, कॉर्नशेलमध्येही मिळतो). उबुंटूत २००६ पासून 'एसएच' म्हणजे बॅश नव्हे, डॅश हा दुसरा शेल, आणि डॅशच्या रीडला हा ऑप्शन नाही. स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत बॅश लिहा, आणि स्क्रिप्ट 'एसएच'च्या पुढे नाव देऊन चालवू नका. तशी चालवली तर पहिल्या ओळीकडे कोणी बघतच नाही.

आता क्रॉन. क्रॉनच्या जॉबसमोर माणूसही नसतो आणि कीबोर्डही. स्टँडर्ड इनपुट रिकामं असतं, त्यामुळे रीडला लगेच 'इनपुट संपलं' असं कळतं आणि ते परततं. १० सेकंद थांबायचा प्रश्नच येत नाही. तुमची स्क्रिप्ट "रीड फसलं, म्हणजे वेळ संपली" असं धरून पुढे जाते, गोची तिथे आहे. खरं तर रीड तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतं. नुसतं एंटर दाबलं तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) ० आणि व्हेरिएबल रिकामं. इनपुट संपलं (किंवा कोणी कंट्रोल-डी दाबलं) तर १. आणि खरोखर वेळ संपली तर १२८ पेक्षा मोठा आकडा, लिनक्सवर बहुतेक १४२ दिसेल: १२८ अधिक अलार्म सिग्नलचा १४.

हा फरक मी इतका ताणून सांगते त्याला कारण आहे. मी काम करायचे तिथे जुने डेटाबेस डंप (डेटाबेसच्या साठवलेल्या प्रती) पुसून टाकणारी एक स्क्रिप्ट होती. "थांबवायचं असेल तर ३० सेकंदांत एन दाबा", नाहीतर ती डंप उडवायची. माणूस समोर बसून चालवायचा तोवर सगळं ठीक होतं. मग ती क्रॉनमध्ये गेली. एका रात्री नवा डंप अर्धवट राहिला होता, आणि स्क्रिप्टने ३० सेकंदसुद्धा न थांबता जुने उडवले. सकाळी आमच्या हातात एकही पुरा डंप नव्हता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कोणी काही बोललं नाही तर ज्यात काहीच नष्ट होत नाही, तोच रस्ता धरायचा. मिटवायचं काम फक्त स्पष्ट 'यस' आल्यावर.

कोड पकडताना एक जागा हमखास फसवते. 'इफ'नंतर उद्गारचिन्ह लावून अट उलटी केलीत, तर आत डॉलर-प्रश्नचिन्हात (मागच्या कमांडचा एक्झिट कोड इथे असतो) नेहमी ० मिळतो, १४२ गायब. म्हणून उद्गारचिन्ह न लावता रीड सरळ इफमध्ये लिहा आणि एल्सच्या अगदी पहिल्या ओळीत कोड व्हेरिएबलमध्ये साठवा. मध्ये मजकूर छापणारा एक एको जरी आला तरी कोड बदलतो. 'सेट मायनस ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारा) लावलं असेल तर रीड इफमध्ये असणं आणखी गरजेचं, नाहीतर वेळ संपताच अख्खी स्क्रिप्ट बंद पडते.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा माणसाने 'वाय' टाइप केलं आणि एंटर दाबायच्या आत वेळ संपली. टर्मिनल एंटर येईपर्यंत ओळ स्वतःकडेच ठेवतं, त्यामुळे रीडच्या हाती काहीच लागत नाही. पण ते 'वाय' तिथेच पडून राहतं. पुढच्या प्रश्नाला त्याने 'एन' आणि एंटर दाबलं की तुम्हाला मिळतं 'वायएन'. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाआधी साचलेलं काढून टाका: 'रीड मायनस टी ०.१ मायनस एन १०००', एका टाकाऊ व्हेरिएबलमध्ये. इथे 'मायनस एन' हवंच, कारण त्यामुळेच टर्मिनल एंटरची वाट न पाहता अक्षरं सोडतं. एका अक्षराचंच उत्तर हवं असेल तर मूळ प्रश्नालाही 'मायनस एन १' लावा, म्हणजे एंटरची कटकटच नाही.

मॅकवर चालवणार असाल तर तिथलं बॅश अजून ३.२ आहे. त्याला ०.१ सारखे अपूर्णांक चालत नाहीत आणि वेळ संपल्यावरही ते १ च देतं, म्हणजे वर सांगितलेला फरकच करता येत नाही. नवं बॅश वेगळं बसवून घ्या.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रश्न विचारण्याआधीच 'टेस्ट मायनस टी ०' ने इनपुटला टर्मिनल जोडलंय का ते पाहा. जोडलेलं नसेल तर विचारूच नका: क्रॉनच्या ओळीतून 'रीस्टार्ट कर' असा वेगळा ऑप्शन दिला असेल तरच रीस्टार्ट, नाहीतर लॉगमध्ये एक ओळ लिहून बाहेर पडा.